गुरुवारचा मुराळी

सोलापूर,
दि. ९ मार्च १९७५

ती. महानंदाअक्कास,
धाकट्या भीमाचा साष्टांग नमस्कार.

महिना झाला, रोज लिहायचं ठरवतो. कागद पुढ्यात घेतो आणि नवी पेठेत चक्कर टाकून येतो. आई विचारते, "लिवलंस का?" मी म्हणतो, "लिवतो की." आज तिनं बाहेरून कडीच घातली. बाकी इकडे बरे आहे. आईचा गुडघा तसाच.

पहिल्या बाळंतपणाला तुला माहेरी आणायला मला मुराळी करून धाडलं होतं. गुरुवारी येतो असं तुझ्या सासरी माळशिरसला कार्डही टाकलं होतं. आधी बार्शीला मावशीकडं जायचं, म्हणून सोमवारीच पिशवी घेऊन निघालो. स्टँडवर सिद्धप्पा भेटला. तो ट्रकवर क्लीनर आहे, चादरी घेऊन गोव्याला निघाला होता.

"गुरुवारपातूर माघारी येतोय की. समिंदर बघितलायस का कधी?"

नव्हता बघितला. वाटेत ट्रक कुठंच बंद पडला नाही. पडला असता तर सांगायला तरी झालं असतं.

जुन्या गोव्यात एक फार मोठं चर्च आहे, से कॅथेड्रल. दोन मनोरे होते, एक पडला, तो पुन्हा कुणी बांधलाच नाही. आत पांढरे खांब, दोघांनी कव घातली तरी हात पोचायचे नाहीत. पार समोर, खालपासून छतापर्यंत सोनं. लाकूड कोरून त्यावर वर्ख चढवलाय म्हणे. वेलबुट्टी इतकी बारीक की आपल्या मागावरचा कारागीरही बघत राहील. तुला विणकामाची नजर आहे, तू बघायला हवं होतंस. त्या सोन्यात चौकटी आहेत, आणि चौकटींत एका बाईची गोष्ट.

झाडलोट करणारा म्हातारा मराठी बोलायचा. म्हणाला, "ही कॅथरीन. शिकलेली पोर. राजाच्या पंडितांना वादात हरवलं, म्हणून चाकाला बांधणार होते. चाकच मोडलं. मग मान कापली."

"तिला सोडवायला घरचं कुणी आलं नाही?"

म्हातारा झाडू थांबवून हसला. "हे कुणी विचारत नाही रे. बस, बघ निवांत. आज गुरुवार, माणसं कमी असतात."

गुरुवार म्हणाला आणि मी बोटांवर दिवस मोजले. गाठोडं बांधून तू ओसरीवर बसली असशील.

अक्का, खरं सांगायचं ते पुढंच आहे. त्याच संध्याकाळी ट्रक माघारी निघाला होता. मी सिद्धप्पाला म्हणालो, तू हो पुढं. उशीर झालाच आहे, आता एक दिवस काय आणि आठ दिवस काय. तुझ्या तोंडापुढं यायचं भ्या वाटलं. आठ दिवस रोज त्या बाईसमोर जाऊन बसलो. तुझ्यासाठी दिलेले डिंकाचे लाडू तिथंच खाल्ले.

परतलो तेव्हा तुझ्या सासूबाईंचं कार्ड आईच्या हातात होतं. पाणी आणताना पाय घसरला, आठव्या महिन्यात मुलगा झाला, दोन दिवस होता. न्यायला माहेरचं माणूस आल्याशिवाय सुनेला पाठवायची त्यांच्यात रीत नाही. ते माणूस मी होतो. आई मला वाढते, पण माझ्याकडं बघत नाही.

माफी मागायला तोंड नाही. एवढंच लिही, आता आलो तर येशील का

मधेच थांबलो. कडी निघाली. दाजी आलेत, एकटेच. पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"आत्याबाई, तिला बोलवा भाईर. न्यायला आलोय."

आई म्हणाली, "हितं कुटं हाय ती?"

"बुधवारी एकटीच एष्टीत बसली. माहेरी जाते म्हणाली."

आज रविवार. दाजी उंबऱ्यावर खाली बसलेत. आई पहिल्यांदाच माझ्याकडं बघतेय.

अक्का, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

तुला न्यायला न आलेला,
भीमा