चार नंबर ओ देतो

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आले बाई एकदाची जळगावला! दोन बॅगा, लॅपटॉप आणि प्रशीलचा तो निळा स्वेटर. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मी रडायचं नाही असं ठरवून आले होते, त्यांनीही तेच ठरवलं असावं. दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. मग भरीत आणि कळण्याची भाकरी. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तर म्हणतात कशा, पुण्यात राहून तुझी जीभ अगदी गुळमुळीत झाली. दोघींनी सगळा दोष मिरचीवर ढकलला.

उद्यापासून प्रशीलच्या खुर्चीत मी. तो गेल्याला चौदा महिने झाले. चोपडा रोडवरच्या केळी पिकवणाऱ्या कंपनीत तो नेटवर्क सांभाळायचा, मी पुण्यात हेच काम करायचे. लग्नाची तीन वर्षं फोनवरच गेली म्हणा ना. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला : जेवलीस का? तो कंपनीतच गेला. हार्ट बंद पडलं, असं सांगितलं. परवा तिथल्या चारुलता मॅडमनी त्याची जागा घेता का विचारलं, तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. तो जिथे बसायचा तिथे थोडे दिवस बसायचंय. बास.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनी झकास आहे. इथे बारा चेंबर, धुळ्याला आठ. हिरवी केळी चार-पाच दिवस बंद खोलीत ठेवतात, पिवळी होऊन बाहेर येतात. आतली हवा मात्र वाईट, माणूस तिथे गुदमरतो. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये सेन्सर आणि एक लाल बटण. धोका झाला की सूचना क्लाउडवर जाते आणि तिथून बाहेरचा भोंगा वाजतो.

हे सगळं प्रशीलनं मांडलेल्या आभासी नेटवर्कवर चालतं. आता कंपनीला नवं नेटवर्क हवंय, जळगाव आणि धुळे जोडणारं. मी एकेक चेंबर नव्यात हलवायचा आणि वीस तारखेला जुनं नेटवर्क पुसून टाकायचं.

चेंबरवर देखरेख करणारे जीवरामनाना धरणगावचे. आभासी नेटवर्क म्हणजे काय रे भाऊ, असा त्यांचा चेहरा. मी सांगितलं, तार नाही, भिंत नाही, नुसत्या आखलेल्या गल्ल्या, घरांना नंबर, आणि कोणाला आत सोडायचं याचे नियम. नाना म्हणाले, म्हणजे आमच्या गावाबाहेरचे एन.ए. प्लॉटच की! नकाशात कॉलनी, जागेवर बाभळी. मी पोट धरून हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

नानांची एक रीत आहे. आत एकट्यानं जायचं नाही. एकजण दारात उभा राहून दर मिनिटाला नावानं हाक मारतो, आतला ओरडतो, ‘शे!’ म्हणजे आहे. ‘शे’ आलं नाही की ओढून काढायचं. भोंगे आले आणि कंपनीनं दारातला माणूस काढून टाकला. नाना मात्र अजूनही उभे राहतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज जुन्या नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना पिंग केलं. पिंग म्हणजे हाकच. आपण नंबराला हाक मारायची, यंत्र ओ देतं. जवळचं लगेच देतं, लांबचं उशिरा. सगळ्यांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत ओ दिली. एका नंबरानं चार सेकंद घेतले. ज्याच्या शेवटी ४४ आहे तो, चार नंबर चेंबरमधल्या सेन्सरचा जुना डबा.

नानांना विचारलं. ते म्हणाले, तो डबा प्रशीलभाऊ गेले त्याच दिवशी काढून भंगारात दिला, तिथे आता नवा आहे. प्रशीलभाऊ चार नंबरमध्येच गेले ना.

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांचा इतका राग आला, की जेवणाचा डबा न खाताच परत आणला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

४४ दिवसभर मुका. एक वाजून दहा मिनिटांनी ओ. तीन सेकंद.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा एक वाजून दहा. दोन सेकंद. काहीतरी जुनी नोंद अडकली असेल, असं आठ वर्षांच्या अनुभवानं स्वतःला समजावलं. पण आज एक वाजल्यापासून केस नीट करून पडद्यासमोर बसले होते. लाज नाही वाटली. वाटली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या नोंदी उघडल्या. तो गेला त्या दिवसाच्या.

चार नंबर, लाल बटण, १:१०. अडवलं, नियम १००.
१:११. अडवलं, नियम १००.
१:१४. अडवलं.
१:२१. अडवलं.

अकरा मिनिटं दाबत होता. भोंगा वाजलाच नाही.

नियमांना नंबर असतात. छोटा नंबर आधी लागू होतो. कुणीतरी १०० वर लिहिलं होतं, सगळ्यांना अडवा, आणि २०० वर, चेंबरच्या सूचनांना सोडा. दोनशेची पाळी कधी आलीच नाही. तापमान वेगळ्या वाटेनं जायचं, ते रोज दिसायचं. धोक्याची वाट रोज कोण वापरतं? कुणाला कळलंच नाही.

नियम कुणी लिहिला तेही तिथेच होतं. वृषाली. म्हणजे मी.

आठवलं मला. तो जायच्या आधीचा एक रविवार होता. बाहेरचं कुणीतरी घुसायला बघतंय म्हणून त्यानं मदत मागितली. मी पुण्यातून, एका हातात चहा घेऊन, दहा मिनिटांत लिहिलं. घाईत नंबर उलटे घातले. वर तोऱ्यात सांगितलं, आता निवांत झोप.

आणि तो गेला त्या दिवशी एक दहाला फोन आला नाही म्हणून मी फुगून बसले होते. फोन बंद करून. त्याला चांगली अद्दल घडवायला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी नेमका त्याच वेळी माझ्या पानात जास्तीची भाकरी वाढली. नाही सांगता आलं.

नियम दुरुस्त केला. शंभरवर सोडा, दोनशेवर अडवा. दोन मिनिटांचं काम. दोनच मिनिटांचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक दहाला ओ आली नाही. दीडला नाही. दोनला नाही. टेबलावर डोकं ठेवून रडले. चारुलता मॅडम दार लावून गेल्या.

नियम सुधारला म्हणूनच ओ थांबली असेल, असं वाटून तीन वाजता तो पुन्हा उलटा केला. फक्त चार नंबरपुरता. फक्त वीस तारखेपर्यंत. बाकी सगळे चेंबर नव्या नेटवर्कवर सुखरूप आहेत, चार नंबर तेवढा जुन्यावर. दोन दिवसांत काय होणार आहे?

१९ फेब्रुवारी, बुधवार

आला! अर्धा सेकंद. इतक्या जवळ कधीच —

नाना विचारत होते, ताई, आंगात निळा स्वेटर, एवढी थंडी कुठे आहे? त्यांना उद्या धुळ्याला जायचंय. जाताना दोनदा बजावलं, एकलं मझार जावानं नही, आत एकटीनं नाही. मी मान डोलावली.

२० फेब्रुवारी, गुरुवार. १२:४०

मॅडमचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत जुनं नेटवर्क पुसा. पुसलं की ४४ गेला. तो दुसऱ्यांदा जाईल, आणि दुसऱ्यांदाही माझ्याच हातानं.

एकदा माफी मागायची आहे. समोर. पाच मिनिटं. वही बरोबर घेतेय, तोंडानं बोलता आलं नाही तर —

१:०६

चार नंबरच्या आत आहे. हिरव्या केळ्यांच्या क्रेटांच्या रांगा. फोनला रेंज नाही. डोकं जड झालंय. बसले.

१:०९

नव्या डब्यावर लाल दिवा. हवा बिघडली म्हणतोय. उठते —

पाय उठत नाहीत.

१:१०

बटण दाबलं. डबा म्हणतो, सूचना पाठवली.

पाठवली. आणि तिकडे शंभरवर मीच बसलेय —

१:१२

भोंगा नाही. दारात नाना नाहीत. असं अकरा मिनिटं, रे? असं?

मागच्या रांगेतून हाक. माझ्या नावानं. अगदी मागे. काहीच वेळ लागत नाही आता —

शे. मी शे.

विचारतोय. तेच विचारतोय. जेवलीस का —

नाही रे प्रशील, डबा तसाच आहे, तुझ्यासाठी थांब—