चहा होईपर्यंत

३ फेब्रुवारी
चितेगाव, कारखान्याची लॅब. चाचणीची पद्धत बसवायला घेऊन दीड महिना झाला. पॉलिमर (प्लास्टिकचा कच्चा माल) विरघळवायचं, कॉलममधून, म्हणजे बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून, सोडायचं. रेणूंच्या लांब साखळ्या आधी बाहेर, आखूड मागून. त्यावरून रेणूंचं वजन. पण एकाच पोत्यातला नमुना सकाळी एक आकडा देतो, दुपारी कमी. पंधराला ग्राहक बघायला येणार. सर: "मॅडम, एक काय तो आकडा सांगा." मी: "सकाळचा की दुपारचा?" हसले नाहीत.

५ फेब्रु.
कॉलम बदलला. पंप उघडला. सर्व्हिसवाला म्हणे, बंद करून चालू करा. वा!
प्रॉडक्शनचे वाघभाऊ दारात. "ताई, माझी बॅच नापास केली तुमी. माल लई चांगला हाय, मशीनच येडं झालंय." त्यांचं प्रमोशन अडलंय त्या बॅचवर. मी तोऱ्यात म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही.

८ फेब्रु.
नमुने शेखचाचा बनवतात. विचारलं, सोनिकेटरमध्ये किती वेळ? (थरथरवून लवकर विरघळवणारं भांडं.)
"आपिच तो लिखे ना मॅडम, चाय होने तक."
वही पाहिली. माझंच अक्षर. सकाळचा चहा पाच मिनिटांचा. दुपारी चाचांच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, पाऊण तास. तेवढं थरथरून साखळ्या तुटत होत्या. आणि मी कॉलमला शिव्या देतेय!

९ फेब्रु.
सोनिकेटर बंद. नमुना झाकून उद्यापर्यंत नुसता ठेवायचा. चाचांना पटेना. "कुछ तो करना पडेंगा ना?" बाटलीवर कागद चिकटवला: हात लावू नये.

१० फेब्रु.
एकच नमुना सहा वेळा सोडला. सहाही आकडे एकमेकांना धरून. रडूच आलं. सर खूश. मग वाघभाऊंची बॅच आठवली. तिचा नमुना दुपारीच बनवला होता. न विरघळवलेला थोडा माल शिल्लक आहे, तो आता नव्या पद्धतीनं ठेवलाय.

११ फेब्रु.
पास. झकास पास. सरांना सांगितलं. "पद्धत चुकत होती हे ग्राहकाला कळायला नको. तो जाईपर्यंत गप्प बसा. नंतर बघू." बॅच गोदामात पडून. नापासच्या चिठ्ठीवर माझी सही.

१२ फेब्रु.
कँटीनमध्ये ताट घेऊन वाघभाऊंसमोर बसले. "भाऊ, बॅच चांगली होती. चूक माझी."
त्यांनी खिशातला पेन काढून पुढं केला. "लिहून द्या."
पेन घेऊन आलेय. कागदावर 'प्रति' एवढंच झालंय.