‘बॉयडची खुर्ची’ आणि झोपलेले पंच

ब्लॅकबेरी रिज, दक्षिण हम्बोल्ट
ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार

तीर्थस्वरूप ऑर्विलदादास,

धाकट्या विलोडीनचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण एकदा खाली गेले की उठवायला इथे शेळ्यांखेरीज कुणी नाही, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा असेल तर डावा. मागच्या पत्रात तू दोन्हींबद्दल तक्रार केली होतीस.) नेब्रास्कात मका निघाला का? चर्चचा ऑर्गन दुरुस्त झाला, की अजून तिसऱ्या कडव्याला अडलेल्या गाईसारखा हंबरतो? तो तू वाजवतोस म्हणून लोक ऐकून घेतात, हे लक्षात असू दे.

मी ठणठणीत आहे. पत्राला उशीर झाला त्याला कारण गांजा आहे, आणि हा शब्द वाचताच तू चष्मा काढून टेबलावर ठेवला असशील. परत लाव. चौऱ्याहत्तर साली मी बॉयडशी लग्न करून या डोंगरात आले तेव्हा तू लिहिलं होतंस, त्या झाडापायी तुझं वाटोळं होईल. पन्नास वर्षं झाली, दादा. वाटोळं झालं ते फक्त माझ्या कमरेचं, आणि तेही पाण्याचे पाइप ओढून ओढून. आता तर इथे कायद्यानं परवानगी आहे. सरकारी माणूस येतो, झाडं मोजतो, माझ्या हातची कॉफी पितो आणि शेळ्यांना नावानं हाका मारून जातो. तेव्हा नाक काय मुरडायचं ते एकदाच मुरडून घे आणि पुढे वाच, कारण मला जे सांगायचंय ते तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

गांजात मुख्य घराणी दोन. एक उंच, सडपातळ, लांब बोटांसारख्या पानांचं, त्याला म्हणतात सॅटिव्हा. ते ओढलं की माणूस उठून कपाटं आवरायला लागतो आणि आवरता आवरता देश कसा चालवावा हे सांगतो. दुसरं बुटकं, रुंद पानांचं, ते इंडिका. ते माणसाला खांद्याला धरून खाली बसवतं. माझं वाण या दोघांचा संकर आहे, पण कल इंडिकाकडे: सत्तर टक्के आईवर गेलेलं, तीस टक्के बापावर. आई अफगाणिस्तानच्या डोंगरातली (तिचं बी बॉयडच्या एका मित्रानं बुटाच्या टाचेत लपवून आणलं होतं, आणि तो मित्र त्यानंतर आयुष्यभर किंचित लंगडत राहिला, का ते विचारू नकोस). बाप मेक्सिकोचा, उंच, देखणा, बडबड्या. ही सोयरीक बॉयडनं जमवली आणि मनासारखं लेकरू निवडता निवडता आमचे अकरा हंगाम गेले. कळी नाकाशी धरली की आधी पिकलेल्या पेअरचा वास येतो, त्यामागून घोड्याच्या खोगिराचा आणि सगळ्यात शेवटी, लाजत लाजत, डिझेलचा. गारठा पडला की कळ्यांच्या कडा वांग्यासारख्या जांभळ्या होतात. पीक जसं हवं तसं पहिल्यांदा आलं ते बॉयड गेला त्या वर्षी. त्यानं ते पाहिलं नाही. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं ‘बॉयडची खुर्ची’. व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत तो बसला की उठायचा नाही. वाणाचाही तोच गुण.

तर आमच्या खोऱ्यात दर वर्षी सुगीनंतर लहान शेतकऱ्यांची स्पर्धा असते. प्रत्येकानं आपल्या कळ्यांची बरणी द्यायची आणि बरोबर स्वतःच्या हस्ताक्षरात एक कार्ड: वाणाचा स्वभाव काय, परिणाम काय, तेही स्वतः अनुभवून. गेली तीन वर्षं पहिला नंबर ओढ्यापलीकडच्या हॉलिस प्रुइटचा. हा माणूस पूर्वी लाकडाच्या गिरणीत होता, पण कार्ड लिहायला बसला की त्याच्या अंगात येतं. ‘पहाटेच्या दवात न्हालेल्या परीचं हास्य’, असं लिहितो! मी ओढून पाहिलंय, दादा. खोकला येतो. परीबिरी कुणी येत नाही. मी मात्र गेल्या वर्षी खरं ते लिहिलं: ‘भूक लागते. झोप येते.’ मुख्य पंच मिसेस इबारा यांनी सगळ्यांसमोर माझं कार्ड दोन बोटांत धरलं. म्हणाल्या, “विलोडीन, हे काय शेळीच्या जंताच्या औषधावरचं लेबल आहे का गं? पहिल्या घटकेला काय होतं, दुसऱ्या घटकेला काय होतं, जरा सांगशील की नाही?” लोक हसले. हॉलिस सगळ्यात आधी हसला. मी त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या वर्षी असं कार्ड लिहीन की इबाराबाईंना ते दोन्ही हातांत धरावं लागेल.

या वर्षीच्या कळ्या सुकवल्या, लोणच्यासारख्या बरणीत मुरवल्या आणि एका मंगळवारी दुपारी चार वाजता वही-पेन घेऊन व्हरांड्यात बसले. दोनच झुरके घेतले. त्या दिवशीची नोंद जशीच्या तशी देते. ‘चार दहा: काही नाही. चार अठरा: कपाळाच्या आत कुणीतरी खिडकी उघडली. चार वीस: शेळीचा चेहरा पाहून हसू आलं. चार तीस: अजून तीच शेळी. चार चाळीस: हे पेन फार चांगलं आहे.’ त्यानंतर पानभर फक्त ‘बटाटा’ हा शब्द आहे, त्याखाली दोन रेघा, आणि समासात ‘हे विसरू नकोस’. मी काय विसरायचं नव्हतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. उठले तेव्हा साडेसहा वाजले होते.

पण आपल्या घराण्यात माघार कुणी घेतली आहे? बुधवारी मी टेप लावला. म्हटलं, हातानं लिहिता येत नसेल तर तोंडानं बोलू. टेपवर पहिली दहा मिनिटं मी शहाण्यासारखी बोलते आहे: डोळ्यांच्या मागचा ताण गेला, खांदे कानांपासून खाली आले, तोंडात कुणी पीठ भरल्यासारखी कोरड पडली. मग माझं हसणं. मग थंड उकडलेला बीन मोठा की त्याची गोडी मोठी असा काहीतरी वाद, तोही मी एकटीच दोन्ही बाजूंनी घालते आहे, आणि हरते आहे. मग दीड तास घोरणं. (मी घोरते हे बॉयड चाळीस वर्षं सांगत होता आणि मी चाळीस वर्षं त्याला खोटारडा म्हणत होते. टेप ऐकून मी त्याच्या फोटोसमोर जाऊन माफी मागितली.) शुक्रवारी म्हटलं, बसायचंच नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले. उभं राहिल्यानं झोप येत नाही हे खरं, पण ओट्यावर भूक होती. गावच्या प्रीतिभोजनासाठी केलेला मक्याच्या ब्रेडचा अख्खा ट्रे होता, तो मी कडेकडेनं सरळ करत गेले. एक कड वाकडी दिसली की कापायची, खायची. मग दुसरी वाकडी दिसायची. शेवटी सरळ करायला ट्रेच उरला. प्रीतिभोजनाला मी मुळे नेले, दादा. कच्चे मुळे. पास्टरबाईंनी ‘वा, किती साधं!’ म्हटलं आणि एकही उचलला नाही.

स्पर्धेला चार दिवस उरले. तेव्हा मी मनाचा दगड केला, ओढा ओलांडला आणि हॉलिसच्या दारात उभी राहिले. म्हटलं, “हॉलिस, मला साक्षीदार हवा. तू शुद्धीत राहायचंस, मी ओढणार, आणि मी जे जे म्हणेन ते तू लिहायचंस.”

तो म्हणाला, “म्हणजे मी माझ्या हातानं तुला जिंकवू?”

“जिंकायची खात्री आहे ना तुला? मग घाबरतोस कशाला?”

“घाबरतो कोण?” म्हणत त्यानं टोपी घातली. पुरुषाला बाहेर काढायचा हा मार्ग मी तुझ्यावरच शिकले.

दुपारी तीनला तो बॉयडच्या खुर्चीसमोर स्टूल टाकून बसला, मांडीवर कागद. मी खुर्चीत. बॉयड गेल्यापासून त्या खुर्चीत मी बसले नव्हते. मी बाजूच्या बाकावर बसते. पण बाकाला पाठ नाही, आणि झोप लागली तर पडेन, एवढाच विचार होता. खिडकी उघडली, हसू येऊन गेलं, मग नेहमीचं ते जडपण आलं, पावसात भिजलेली गोधडी कुणी हलकेच अंगावर टाकावी तसं. आणि या वेळी मी झोपले नाही. बोलत सुटले. बापाकडून आलेले तीस टक्के त्या दिवशी जागे झाले असावेत. बॉयड शेवटच्या महिन्यात मला बी निवडायला कसा शिकवत होता, आणि मी चिडून ‘तू बरा झालास की तूच निवड’ म्हणाले होते, ते सांगितलं. सहा वर्षांत हे मी कुणाला, अगदी तुलाही, सांगितलेलं नाही. आणि सांगताना छातीत जे नेहमी आवळतं ते आवळलं नाही. दुःख तिथेच होतं, पण पाय पसरून बसलं होतं. माझ्या मानगुटीवर नव्हतं. मग मी झोपले.

जागी झाले तर हॉलिस तिथेच होता. कागद घडी करून माझ्या वहीत ठेवला होता आणि शेळ्यांची धार काढून झाली होती. मी विचारलं, “काय लिहिलंस?” तर म्हणाला, “जे बोललीस ते, मिनिटांसकट. परी घातलेली नाही.” आणि घरी गेला.

ते मी माझ्या अक्षरात उतरवलं (बॉयडचं आणि माझं जे आहे ते वगळून) आणि स्पर्धेला गेले. एकूण अकरा जण, पंच तीन. कोणाची बरणी आधी याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी पहिली निघाली. मी हात वर करून म्हटलं की माझं वाण शेवटी ठेवा. इबाराबाई म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम.” मी म्हटलं, “कार्ड तरी आधी वाचा.” म्हणाल्या, “आधी अनुभव, मग कार्ड.” बरं म्हटलं.

पुढचं तू डोळ्यांपुढे आण. इबाराबाईंनी दोन झुरके घेतले, गंभीर मान हलवली, पेन उचललं. वीस मिनिटांनी त्या पेनाकडे फार प्रेमानं पाहत होत्या. दुसरे पंच, मेंढ्यांचे डॉक्टर मिस्टर ल्यूनबर्ग, यांनी कुणाकडे तरी बघून हसायला सुरुवात केली आणि कुणाकडे ते त्यांनाही सांगता येईना. दुसऱ्या बरणीचं झाकण उघडेपर्यंत दोघेही खुर्च्यांत मागे रेलले होते, तोंडं उघडी, हात पोटावर, दोन तान्ही बाळं. तिसऱ्या पंचांना सर्दी होती, त्यांनी फक्त वास घ्यायचा प्रयत्न केला होता. ते एकटेच जागे, आणि एकट्याच्या मतावर स्पर्धा होत नाही. नऊ शेतकरी माझ्यावर धावून आले. एक म्हणाला, “हा डाव आहे!” तेव्हा हॉलिस (हो, हॉलिसच) टेबलापाशी गेला, माझं कार्ड उचललं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, “हिनं लिहिलंय तस्संच झालंय की नाही, बघा. मिनिटं जुळवून बघा. माझी परी कुणाला कधी दिसली होती का?” मागे इबाराबाई घोरत होत्या, माझ्यापेक्षा बऱ्यापैकी खालच्या पट्टीत.

स्पर्धा पुढच्या शनिवारी परत घेतली. निकाल सांगते: मी अकरावी. अकरा जणांत. कारण माझ्या बरणीसाठी आदल्या शनिवारचेच गुण धरायचे ठरले, दोन पंचांचे कागद कोरे होते, आणि कोरा कागद म्हणजे शून्य. नियम म्हणजे नियम. मी रडले नाही. समितीला पत्र लिहिलं, अपील केलं, ते फेटाळलं, दुसरं लिहिलंय. दरम्यान रविवारी सकाळी आठ वाजता दारात गाडी थांबली. इबाराबाई आणि ल्यूनबर्गसाहेब, दोघेही, चर्चच्या कपड्यांत, एकमेकांना पाहून ओशाळलेले. बाईंनी माझं कार्ड दोन्ही हातांत धरलं होतं. म्हणाल्या, “विलोडीन, नियमानं तू शेवटची. पण मी सभागृहाच्या लाकडी खुर्चीत जशी झोपले तशी एकोणीस वर्षांत झोपले नाही. बरणी मिळेल का?” मी दोघांना आत घेतलं, कॉफी दिली आणि पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत हे लेखी घेतल्याशिवाय बरणीला हात लावू दिला नाही.

असो. फार लिहिलं. सगळ्यांना आशीर्वाद आणि तुझ्या ऑर्गनला सदिच्छा.

तुझी हट्टी बहीण,
विलोडीन

ता. क. लेनोरचा फोन आला होता. तुझ्या लेकीवर रागावू नकोस, तिनं मला शपथ घातली होती आणि मी ती मोडते आहे. इर्मावहिनी गेल्यापासून तू पलंगावर पाठ टेकली नाहीस, सकाळी ती येते तेव्हा तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसलेला असतोस, बूट घालून, असं म्हणाली. मला तू गुडघ्यांबद्दल लिहितोस. चौदा महिने नुसते गुडघे, दादा! तुमच्या राज्यात ही वनस्पती चालत नाही आणि मी ती टपालानं पाठवणार नाही. म्हणून तू इकडे ये. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २. ओढलंच पाहिजे असं नाही. मी याला औषधही म्हणत नाही. वहिनी त्यानं परत येत नाहीत, बॉयडही आला नाही. तू नुसता व्हरांड्यात बस. बाकावर मी बसेन. मलाही समोर बोलायला कुणीतरी हवंय, आणि हॉलिस धार काढायला येतो तो फार वेळ थांबायला लागलाय, त्याकडे मोठ्या भावानं एकदा बघून घेतलेलं बरं.

ता. क. ३. लेनोरनं तुझं विमानाचं तिकीट काढलेलं आहे, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचं. तुझी बॅगही तिनं भरली आहे; ती तिच्या गाडीत आहे, शोधू नकोस. हे पत्र फक्त एवढ्यासाठी की काय चिडायचं ते तू बुधवारपर्यंत चिडून घ्यावंस. विमानतळावर मी येतेच आहे.