गार मशिन

इंदापूर, मार्च १९९६

सावळाराम तात्या, पाया पडतो.

ही चिठ्ठी दोनदा तुमच्या दारापर्यंत आणून माघारी नेलीय.

तुमचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करताना माझ्या हातनं आतलं काचेचं व्हॉल्व फुटलं, तापल्यावरच आवाज देणारं. तसलं आता कुठंच मिळंनात. म्हणून आत न तापणारं ट्रान्झिस्टर बसवलं, आन् जुन्यासारखा उजेड दिसावा म्हणून लाल बल्ब लावला. तुमास्नी बोललो न्हाय.

परवा पणदऱ्याच्या जत्रंत ओव्या गायच्या आदी तुमी म्हणालात, "व्हॉल्व तापू द्या." सगळी माणसं थांबली. मग तुमी मशिनीवर तळहात ठेवला. मशिन गार. तुमी माझ्याकडं बघितलं, आन् माइकवर म्हणालात, "तापलं. माझ्या पुतण्याच्या हातचं काम हाय."

तात्या, त्यापरीस तितंच कानफटात मारायची हुती.

तुमचा,
नागेश