पियानोनंतरचे चौतीस सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४० (ठरलं होतं ५.३०)

नवा सिनेमा हातात आला. दिग्दर्शक आपला दाढीच. त्याचा हा पाचवा सिनेमा, माझा त्याच्याबरोबरचा चौथा. त्याच्या पहिल्या सिनेमाला संगीत नव्हतं, तो चालला नाही. पुढचे तीनही चालले नाहीत, पण त्याची कारणं वेगळी आहेत. दाढी तसा बायकोच्या कॉलेजातला, पण गेली चौदा वर्षं खरी मैत्री माझ्याशीच.

गोष्ट अशी: एक म्हातारा घड्याळजी दुकान बंद करतो. संपली. ब्याण्णव मिनिटं. त्यातली बेचाळीस मिनिटं संगीत असेल असं मी ठरवलं आहे. दाढीला अजून सांगितलेलं नाही.

संकल्प: रोज साडेपाचला उठणे. दुपारी न झोपणे. इंडिपेंडंट सिनेमा म्हणजे नेमका कसला, असं मेव्हण्याने विचारल्यास न चिडणे. मागच्या वेळी मी तोंड उघडायच्या आत आमच्या कन्येनेच सांगून टाकलं की जो बघायला नातेवाइकांना न्यावं लागतं, तो.

५ फेब्रुवारी, बुधवार

एडिटिंगच्या खोलीत बसून सिनेमा पाहिला. मी, दाढी आणि एडिटरबाई. संगीत कुठे सुरू करायचं, कुठे थांबवायचं, हे या बैठकीत ठरतं. मी वहीत सुरू करायच्या एकोणतीस जागा लिहिल्या. थांबवायच्या जागा दाढी सांगत होता, त्या लक्षात ठेवल्या.

दाढी म्हणाला की या वेळी संगीत अगदी कमी हवंय. म्हणजे हळुवार. म्हणजे व्हायोलिन्स. मला त्याची भाषा कळते.

एडिटरबाई मधेच म्हणाल्या की काही प्रसंग संगीताशिवाय, नुसतेच छान वाटतायत. या बाईंवर लक्ष ठेवायला हवं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

स्टुडिओ सज्ज. स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. भिंतीपलीकडे कपड्यांचं कपाट आणि इस्त्रीचं टेबल. घरात नियम जाहीर केला: नऊ ते एक मिक्सर नाही, नळ नाही, कुकरची शिट्टी नाही. बायकोने विचारलं की मग जेवण एकच्या पुढे किती वाजता चालेल. सव्वा, असं मी सांगितलं. तिने कुकर ओट्यावरून उचलून फडताळात ठेवला. कलावंताच्या संसारात अशी समजूत लागते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २

पहिला पीस पाठवला. ‘विरह, भाग एक’. सहा मिनिटं पियानो. वाजवताना मी इतका आत गेलो होतो की रेकॉर्डिंग बंद करायचंही भान राहिलं नाही.

त्याच दिवशी, ५.३०

दाढीचा फोन. नऊ वेळा ऐकलं म्हणाला. रडलो म्हणाला. मी नम्रपणे आभार मानले. मग त्याने विचारलं की पियानो संपल्यावर शेवटी एक बाई गुणगुणते, ते काय आहे.

फोन चालू ठेवून ऐकलं. पियानो संपतो. मग कपाटाचं दार वाजतं, हँगर वाजतो, आणि चौतीस सेकंद आमची ही गुणगुणते. सूर धड ना वर धड ना खाली. काढून टाकतो, असं मी म्हणणारच होतो. पण रडला तो नेमका तिथे, असं त्याने सांगितलं.

मी म्हटलं, ते मुद्दाम आहे.

असं सुचतं कसं, म्हणाला. पंचवीस वर्षांची मेहनत आहे, असं मी सांगितलं. त्यात काही खोटं नाही. मेहनत पंचवीस वर्षांचीच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ती गुणगुण दाढीला आणखी सहा जागी हवी. गायिका कोण, असंही विचारलं. मी म्हटलं, वयस्कर बाई आहेत, नावाची हौस नाही, कोणाला भेटत नाहीत. म्हटलं तर सगळं खरंच आहे. माझ्या मित्रांना भेटायला हिला कधीच आवडलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सहज म्हटलं, परवा गुणगुणत होतीस ते जरा पुन्हा गुणगुण. ही म्हणाली, मी गुणगुणत नाही. मी म्हटलं, गुणगुणतेस. ही म्हणाली, आयुष्यात कधी नाही, शाळेत मला प्रार्थनेलासुद्धा नुसते ओठ हलवायला सांगायचे. पुरावा माझ्याकडे होता, पण तो दाखवला असता तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कपाटात चादरींच्या मागे माइक लपवला. चार तास रेकॉर्डिंग झालं. त्यातले सव्वातीन तास ही बहिणीशी फोनवर बोलते आहे. माझा उल्लेख अकरा वेळा. संगीताच्या दृष्टीने निरुपयोगी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यावसायिक गायिका बोलावली. तिने पट्टी विचारली, स्वर लावला, बिनचूक गुणगुणली. दाढीने ऐकून म्हटलं की ही गातेय रे. मला न गाणारी बाई हवी.

मग मी स्वतःच गुणगुणलो आणि कॉम्प्युटरवर आवाज बारीक केला. दाढीने विचारलं, बाई आजारी आहेत का. हो म्हटलं. त्याने बरं वाटावं म्हणून शुभेच्छा पाठवल्या आणि कोणत्या हॉस्पिटलात आहेत ते विचारलं. दुपारी झोपलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दाढी न कळवता घरी आला. चहा झाला. मी त्याला एकोणतीस जागांचं महत्त्व पटवत होतो, तेवढ्यात पलीकडे इस्त्री सुरू झाली आणि ही गुणगुणायला लागली. दाढीचा कप तोंडाशी तसाच राहिला. मी घाईघाईने चहाचं कौतुक केलं. तो भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, मग कप ठेवून हिला भेटून येतो म्हणाला. बराच वेळ तिकडे होता. जाताना मला काहीच बोलला नाही. त्याचा कान मुळातच कच्चा आहे, या वेळी तेच पथ्यावर पडलं.

३ मार्च, सोमवार

फायनल एडिट झाल्यावर त्यात एक फ्रेमही हलवायची नाही असा नियम असतो. दाढीने तो तिसऱ्यांदा मोडला. माझी बेचाळीस मिनिटं आता एकोणीस. कारण विचारलं तर म्हणे सिनेमाला श्वास घेऊ दे. हा शब्द एडिटरबाईंचा. माझा संशय खरा ठरतो आहे.

हिचा दात दुखतोय. डेंटिस्टकडे गेली. या आठवड्यात दोनदा जायचं आहे म्हणे. मी सांगितलं, तोंडाला आराम दे, कोणाशी फार बोलू नकोस.

१० मार्च, सोमवार

अकरा मिनिटं. दाढी फोन उचलत नाही. व्हायोलिन्स गेली. विरह, भाग एक ते चार गेले. भाग पाच आहे, पण पहिले चार नसताना तो कोणाला कळणार.

ही डेंटिस्टकडे चौथ्यांदा. कन्या स्कूटरवरून सोडून आली. परत आली ती हसतच. शेंगदाणे खाल्ले. हल्ली दातांचं शास्त्र फार पुढे गेलं आहे.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १२

एडिटरबाईंशी समोरासमोर बोलायचं ठरवलं आहे. न कळवता त्यांच्या स्टुडिओत जाणार. मुद्दे पाठ केले. आवाज चढवायचा नाही, पण नजर रोखून ठेवायची.

त्याच दिवशी, ४.१५

काचेपलीकडे माइकसमोर ही उभी होती.

पुढ्यात टेबल, टेबलावर टॉवेलांचा ढीग. ही एकेक टॉवेल घडी करत होती आणि गुणगुणत होती. ढीग संपला की दाढी स्वतः आत जाऊन सगळ्या घड्या मोडायचा आणि ढीग पुन्हा तिच्यासमोर ठेवायचा. हात कामात असल्याशिवाय हिला गुणगुणता येत नाही, हे त्या माणसाला कळलं होतं. एडिटरबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

दाढीने मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला. सवयीने. मुद्दे आठवेनात. खाली उतरलो आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो.

त्याच दिवशी, ७.००

माझा विश्वासघात झाला आहे. हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो. दाढीने केला, हिने केला, एडिटरबाईंनी केला, आणि पोटची पोर तिला स्कूटरवरून त्या विश्वासघाताच्या दारात सोडून येत होती. डेंटिस्टने केला नाही, कारण डेंटिस्ट नव्हताच.

हिला म्हटलं, मला सांगायचंस. ही म्हणाली, तू त्यांना सांगायचंस की ती मी आहे. आजारी वयस्कर गायिका म्हणे. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सापडेपर्यंत ही पुढे बोलली. म्हणाली की मी गुणगुणते हे मला खरंच माहीत नव्हतं. ते मला दाढीने पटवलं. आणि बावीस वर्षं भिंतीच्या अलीकडे बसून तू सांगितलंस ते तुला हवं झालं तेव्हा.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कशाचं, ते नीट सांगता येत नाही. भाजीत मीठ कमी आहे असं म्हणालो आणि उठलो.

१५ मार्च, शनिवार

कालपासून अबोला धरला आहे. घर गंभीर झालं आहे असं वाटत होतं. संध्याकाळी हिने विचारलं, घसा बसलाय का. अबोला सोडला.

४ एप्रिल, शुक्रवार

स्क्रीनिंग. प्रेक्षक अडतीस, त्यात नातेवाईक एकवीस. मेव्हणा पहिल्या रांगेत.

माझं संगीत सिनेमात आहे. घड्याळजीच्या दुकानात रेडिओ लागलेला असतो, त्यावर ‘विरह, भाग पाच’. घड्याळजी उठतो आणि रेडिओ बंद करतो. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने तिथे सुस्कारा सोडला. प्रसंग जड होता.

मग दुकानाचं शटर खाली येतं, म्हातारा रस्त्यावर उभा राहतो आणि ही गुणगुणते. सगळं सभागृह रडलं. मेव्हणा रडला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, पण ते रागाचं होतं. आपण वर्षानुवर्षं ज्याच्या मागे धावलो ते भिंतीपलीकडे इस्त्री करता करता होत होतं, या गोष्टीचा राग येणारच. मी माणूस आहे.

शेवटी नावं. ‘संगीत’ या शब्दापुढे माझंच नाव होतं, एकट्याचं. मोठ्या अक्षरात. हिचं त्याखाली, आवाज म्हणून. म्हणजे दाढीला लाज आहे. चौदा वर्षांची मैत्री वाया गेली नाही. घरी येताना हिला मी हे बोलून दाखवलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

८ एप्रिल, मंगळवार

तरीही दाढीला इतक्या सहज माफ करायचं नाही. पुढच्या सिनेमासाठी तो येणार, कारण त्याला दुसरा संगीतकार माहीत नाही. अटी लिहून ठेवल्या. आधी माफी. मग किमान तीस मिनिटं संगीत. एडिटरबाई नकोत. आणि रेडिओ बंद करायचा प्रसंग कुठल्याही सिनेमात घ्यायचा नाही.

१४ एप्रिल, सोमवार

फोन नाही. शरमला असेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

फोन नाही. तीस मिनिटांच्या जागी वीस केली. एडिटरबाई चालतील.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ११.१०

दाढीचा फोन आला. हिच्या मोबाइलवर. मी तिथून सहज जात होतो, मग थांबलो. नवा सिनेमा आहे असं दिसलं. अटींचा कागद आणून दाराशी उभा राहिलो, म्हणजे हिने फोन पुढे केला की वाचायला बरं.

हिने फोन पुढे केला नाही. हिची पाठ माझ्याकडे होती. ही म्हणाली, मी येईन, पण संगीत त्यालाच द्यायचं, नाहीतर मला जमणार नाही.

हे ऐकून माझा सव्वा महिन्याचा राग उतरला. बायको अशी ठामपणे आपल्या बाजूने उभी आहे आणि आपण मात्र तिला विश्वासघातकी म्हणत बसलो, याची लाज वाटली. तसं वहीत लिहायचंही ठरवलं.

पलीकडून दाढी पुष्कळ बोलला. शब्द कळले नाहीत, सूर कुरकुरीचा होता. हिने सगळं ऐकून घेतलं. मग हसली आणि म्हणाली, अरे माहितीये मला, पण पहिल्यापासून त्याला काम माझ्या शब्दावर देतोयस ना, आता एवढ्यात काय झालं.

मी आवाज न करता मागच्या खोलीत येऊन बसलो. चार सिनेमे होते. बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. चारच.

त्याच दिवशी, ११.४०

ही आत आली. म्हणाली, दाढीचा फोन होता, नवा सिनेमा करतोय, तुझीच आठवण काढत होता. तिच्या चेहऱ्यावरून काहीही ओळखता आलं नसतं. मी म्हटलं, त्याला सांग, विचार करून कळवतो.

ती दारापर्यंत गेली, तेवढ्यात मी हो म्हणालो.