दादाची सही

३ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. पावसाळ्यात टेकडीवर लावलेली सामाईक रोपवाटिकेतली चार हजार रोपं जगली. पाणी वाहून माझी कंबर मात्र कामातून गेली.

सोबत सभेची नोटीस आहे. जमीन आणि घरं गावाने मिळून विकत घेतली, ती राहणाऱ्यांसाठी. म्हणून ठराव असा, की दहा वर्षं कुलूपबंद असलेलं घर दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं. आईचं घर गावाच्या वहीत तुझ्या नावे आहे, ते त्यात येतं. नवा सुतार बायको आणि दोन मुलींसह बियाण्यांच्या कोठारात राहतोय. तो कंटाळून गेला तर आपला लाकडाचा कारखाना बसला म्हणून समज. यंदा तरी कोऱ्या मतपत्रावर सही ठोकून पाठवू नकोस. वाच, आणि काय ते कळव.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, थोडा कागदावरही दिसू दे.

तुझी ठकी

१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ.

पाकीट मिळालं. एवढं वाचायला सवड कुणाला आहे, बाई? ऑफिसात मान वर करायची सोय नाही. मतपत्रावर सही केली आहे, वरचं तू भर. तुमच्या सभा म्हणजे आधी चहा, मग भांडण! तुला पटेल तिथे माझा हात वर कर. कंबर शेक.

तुझा दादा

६ जून

चि. ठकीस,
अ. आ.

कंपनीने आमचं खातंच बंद केलं. इथलं भाडं आता झेपणार नाही. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं कायमची घरी येतोय. आईची खोली झाडून ठेव. निदान आपलं म्हणायला एक छप्पर आहे, या विचाराने काल झोप लागली.

तुझा दादा

१५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. घर गेलं रे दादा, तुला कळवायचा धीर झाला नाही. सभेत एकोणीस विरुद्ध एकोणीस झाले आणि तुझा कागद तेवढा उरला. वर कोरा, खाली सही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. सुताराच्या धाकटीला कोठारातल्या धुळीने धाप लागते. मी 'मंजूर' लिहिलं.

मला पटलं तेच केलं, पण खोटं कशाला बोलू, रागही होता. आईच्या आजारपणात तुला तीन पत्रं लिहिली होती. तू आला नाहीस. तुला येववलं नसेल, अशी मी दहा वर्षं मनाची समजूत घातली. ती पत्रंही तू उघडली नसशील, हे त्या सभेत लक्षात आलं.

आईच्या खोलीत आता त्या मुली निजतात. तुम्ही या. कोठार रिकामं आहे, मी चुना मारून ठेवते. घरासाठी नव्याने अर्ज करावा लागेल. रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी ठकी

ता. क. अर्ज सोबत आहे. सही करण्याआधी वाच.