मिठाची राणी आणि न थांबणारा राजा

२१ डिसेंबर, रविवार
मुकुल, सूनबाई आणि श्रिया मिलानहून आले. श्रिया पाच वर्षांची. इटालियन फाडफाड. मराठी सगळं कळतं म्हणे, पण बोलत नाही. मला बघून मुकुलच्या मागे लपली. आजोबा म्हणाली नाही. ठीक आहे. पाच तारखेला परत जाणार, त्याआधी हाक मारतेच की नाही बघा. उपाय सापडलाय. ऑपेरा.

२२ डिसेंबर
मुलांसाठी मराठी ऑपेरा, डोंबिवलीत, आमच्या सोसायटीच्या गॅदरिंगला! नाव 'मिठाची राणी'. राणी रुसून समुद्रात जाते, गावाचं जेवण अळणी होतं, राजा गाऊन तिला मनवतो. राजा अर्थात मी. राणी श्रिया. मुकुल म्हणाला, बाबा, तिने ऑपेरा जन्मात बघितलेला नाही, ती कार्टून बघते. म्हटलं, अरे, इटलीच्या पाण्यातच असतो तो. वासंती म्हणाली, "अहो, पुरे." हिचं रोजचंच आहे.

२५ डिसेंबर
सोसायटीची आणि शेजारच्या कोपर गावची मिळून बरीच पोरं जमली. नियम केला: तालमीत बोलायचं नाही. पाणी हवं तरी गाऊन मागायचं. श्रिया खुर्चीखाली बसून बघत होती. निरीक्षण चालू असणार. मी तासभर सा लावला. वासंती आतून: अहो, पुरे.

२८ डिसेंबर
कोपरच्या आवडाबाई भांडायला आल्या. नात करिश्मा वाण्याकडे गाऊन मीठ मागते, माणसं हसतात. मी म्हटलं, हेच तर यश! त्या करिश्माला घेऊनच गेल्या. मागोमाग आणखी आया आल्या. असो. कलेला गर्दी लागत नाही.

१ जानेवारी
संकल्प: चिडायचं नाही.
दुपारी दिपेशवर चिडलो. तो शेवटचाच उरलेला. गेला क्रिकेटला. श्रियाने राणी व्हायला मान हलवून नकार दिला. आता राजा, राणी, समुद्र, सगळं मीच. त्यात कमिटीने वेळ पाच मिनिटांवर आणली. माझा पहिला आलापच सात मिनिटांचा आहे. कापणार नाही. मुळीच नाही.
वासंतीने विचारलं, नात हाक मारत नाही म्हणून वाईट वाटतं का हो? छे, काहीतरीच. जेवलो नाही ते पोट बिघडलं म्हणून.

४ जानेवारी, रविवार
सोसायटीचं गॅदरिंग. राणीला मनवायचं गाणं रंगात आलेलं. सेक्रेटरी घड्याळ दाखवत होते, मी बघितलंच नाही. तेवढ्यात श्रिया उठली, थेट स्टेजवर आली आणि माझा झब्बा ओढला. राणी आली! माईक तिच्या तोंडाशी धरला.
नियम पाळला पोरीने. गाऊनच म्हणाली, लांब सूर ओढून, हुबेहूब वासंतीसारखं:
"आजोबाऽऽ, पुरेऽऽ."
हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. वन्स मोर आला. तिने पुन्हा गायलं. मी नुसता माईक धरून उभा होतो.